ताऱ्यांच्या कॅमेऱ्यामागची गार पट्टी

मी एक जुनी गार पट्टी आहे, मित्रांनो. हात लावल्यावर फरशीही गार लागते, पण फरशीला त्याचं काही विशेष वाटत नाही. माझं मात्र गार होणं हेच काम आहे. अंगातून वीज वाहायला लागली की माझा एक गाल गार पडतो आणि दुसरा तापतो. आकाराने म्हणाल तर तुमचं खोडरबर दाबून चपटं केलं, चौकोनी कापलं आणि त्याला पांढरा रंग दिला, की झाले मी.

खरं सांगू का? गारवा असा कोणालाच तयार करता येत नाही. मलाही येत नाही. मी फक्त एका बाजूची ऊब उचलते आणि दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवते. हमालीच म्हणा ना! माझ्या दोन पांढऱ्या गालांच्या मध्ये बारीक काळसर खांबांची दाटी आहे. दोन जातींचे खांब, एकाआड एक उभे. वीज एका खांबावरून चढते, दुसऱ्यावरून उतरते, आणि जाता जाता उबेला बोट धरून बरोबर नेते. काम चालू असताना मला गुंगी येते. मग वाटतं, माझ्या पोटात एक लहानसं रान आहे, आणि त्या रानातल्या पायवाटेने ऊब दिवेलागणीला घरी परतते आहे.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका चिमट्याने एकेक खांब उचलून जागेवर ठेवत. श्वाससुद्धा जपून सोडत, कारण नुसती फुंकर लागली तरी खांब आडवे व्हायचे. शिंक आलीच तर उठून दाराबाहेर जायचं, तिथे काय ते शिंकून घ्यायचं आणि परत यायचं, असा तिथला नियम होता. माझे खांब लावणाऱ्या बाईला त्या दिवशी नेमकी सर्दी झाली होती. त्यामुळे मला तयार व्हायला जरा उशीरच लागला. पण एकही खांब वाकडा बसला नाही हो!

पहिली नोकरी मला एका दवाखान्यात मिळाली. लहान मुलांना टोचायची औषधं ठेवण्याची एक छोटी पेटी होती, तिच्या पाठीत मला बसवलं. डॉक्टरीणबाई रोज सकाळी पेटी उघडून बोटाने आत चाचपायच्या आणि म्हणायच्या, "शाबास, छान गार आहे." ती शाबासकी खरं तर पेटीला असायची. मी आपली ती मनातल्या मनात वाटून घ्यायची.

माझ्या गरम गालामागे एक पंखा होता. ऊब नेऊन ठेवायची म्हटलं तर ती पुढे कोणीतरी उडवून लावायला हवी ना! ते काम पंख्याचं. एक दिवस तो घरघरला आणि थांबला. माझ्या पाठीशी ऊब साचत गेली, साचत गेली, आणि शेवटी पेटी आतूनच तापायला लागली. "पेटी बिघडली," असं सगळ्यांनी ठरवलं. बिघडला होता पंखा. पण ते बघायला कोणी पेटीची पाठ उघडलीच नाही.

त्याच सुमाराला दवाखान्याचा मोठा फ्रीज दुरुस्त करायला एक माणूस आला होता. त्याला सगळे दादा म्हणत. त्याने ती पेटी उचलून आणली, मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि आपल्या दुकानातल्या खणात ठेवून दिलं. "कधीतरी उपयोगी पडेल," म्हणाला.

मित्रांनो, हा कधीतरी फार लांब राहायला असतो. खणात माझ्या शेजारी तारांची भेंडोळी, रबरी चकत्या आणि कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच आठवत नसलेल्या किल्ल्या होत्या. किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजायला काही साधन नसतं. वरच्या मजल्यावरून शिलाई मशीनचा आवाज यायचा. दादाची बायको, म्हणजे वहिनी, कपडे शिवायची. त्या आवाजावर मी डुलक्या घ्यायची आणि गार होण्याची स्वप्नं बघायची.

त्या घरात आणखी एक माणूस होतं, दादाची धाकटी बहीण. केस पिकायला लागले तरी दादाच्या तोंडी तिचं लाडाचं नाव चिमी हेच होतं. आपण तिला चिमीताई म्हणू. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंग घासून चौकटीत बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि गच्चीवर तिची दुर्बीण होती. दुर्बिणीला तिने एक कॅमेरा जोडला होता. आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत असे अंधूक तारे तो कॅमेरा हळूहळू गोळा करायचा. लांबलांबच्या दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट थव्यांचे, फोटो काढायचे, कुठे काही नवं उगवलंय का ते बघायचं, हा तिचा रोज संध्याकाळचा छंद. छंद कसला, जीवच होता तिचा त्यात.

आणि त्यातच एक दिवस घात झाला.

त्या दिवशी ती आकाश बघणाऱ्या मंडळींच्या बैठकीहून लवकर घरी आली. सरळ दादाच्या दुकानात शिरली आणि स्टुलावर बसून राहिली. दुकानातला खण तेव्हा जरासा उघडा होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"वन्सं, पान वाढू का?" जिन्यावरून वहिनीने विचारलं.

"भूक नाही."

"का गं? तारे खाऊन आलीस?" दादा म्हणाला.

एरवी तिने लगेच टोला परतवला असता. दादाने हातातला पाना खाली ठेवला.

"काय झालं, चिमे?"

"मागच्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगितलं ना, दीर्घिकेच्या कडेला नवा तारा दिसतोय म्हणून?"

"सांगितलंस की. घरभर नाचत होतीस."

"नाहीये तो. सगळ्यांनी आपापल्या दुर्बिणीतून पाहिलं. कोणालाच दिसला नाही. कारण तो आकाशात नव्हताच, माझ्या कॅमेऱ्यात होता." तिचा आवाज बारीक झाला. "सगळे हसले. एक जण तर म्हणाला, चष्मेवाल्या बाईंचाच नंबर तपासायला हवा."

"कोण तो? नाव सांग, त्याचा फ्रीज यायचाच आहे कधीतरी माझ्याकडे!"

"दादा, तो बरोबरच बोलला. मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही."

त्या दिवसापासून दुर्बिणीवर जुनी चादर पडली. संध्याकाळ झाली की चिमीताई गच्चीवर जायच्याऐवजी दुकानात जास्त वेळ बसायला लागली. एकदा वहिनीने घाईघाईत ओला टॉवेल त्या दुर्बिणीवरच वाळत टाकला. चिमीताईने तो पाहिला आणि तशीच पुढे गेली. दादाला खरी धास्ती वाटली ती तेव्हा. तो वहिनीला म्हणाला, "अगं, ही पूर्वीची चिमी असती तर टॉवेलासकट तुला आणि मला खाली फेकलं असतं. हिला झालंय तरी काय?"

मग त्याने तिला दुकानात बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "मला समजेल अशा भाषेत सांग. नसलेला तारा कॅमेऱ्याला दिसतो कसा?"

चिमीताईने सांगितलं ते तुम्हीही ऐका. डोळे मिटून हातांनी हलकेच दाबले की रंगीबेरंगी ठिपके दिसतात ना? ते बाहेर नसतात, डोळ्यांचेच असतात. कॅमेऱ्याच्या डोळ्याचंही तसंच आहे. तो तापला की नसलेला उजेड त्याला भासायला लागतो. जितका गरम, तितके भास जास्त. म्हणून आकाशाचे फोटो काढणारी माणसं कॅमेऱ्याला झाकण लावून काळोखाचाही फोटो काढून ठेवतात. त्यात नुसते भास येतात. मग आकाशाच्या फोटोतून ते भास वजा केले की खरे तारे तेवढे उरतात.

"मग तू काळोखाचा फोटो काढला नव्हतास?"

"काढला होता रे. पण थंडीत काढून ठेवला होता. तोच अजून वापरत होते." तिने मान खाली घातली. "थंडीतला काळोख मी उन्हाळ्यातल्या आकाशातून वजा केला. थंडीत कॅमेऱ्याला भास थोडेच होते. उन्हाळ्यातले जास्तीचे तसेच राहून गेले. त्यातला एक बरोबर दीर्घिकेच्या कडेला बसला होता. मला मोह झाला. दुसऱ्यांदा बघायला मी थांबलेच नाही."

दादाने जरा वेळ डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे कॅमेऱ्याला उकडतंय, एवढंच ना? अगं, माझा जन्म गेला गार करण्यात!"

आणि मित्रांनो, खण खस्सकन पूर्ण उघडला. इतक्या दिवसांनी अंगावर उजेड पडला की काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. दादाने मला तळहातावर घेतलं. त्याचा हात उबदार होता.

कॅमेऱ्याच्या डोळ्यामागे त्याने तांब्याचा एक चपटा ठोकळा बसवला. त्या ठोकळ्याला माझा एक गाल टेकवला. दुसऱ्या गालाला ॲल्युमिनियमच्या फासळ्या लावल्या, म्हणजे ऊब त्या फासळ्यांमध्ये पसरेल, आणि त्यांच्यामागे पंखा. दोन्ही गालांना पांढऱ्या मलमाचा पातळ हात दिला, कारण मध्ये हवा राहिली की ऊब तिथेच अडते. मग स्क्रू आवळायची वेळ आली. मी जीव मुठीत धरून होते. एकच कोपरा दाबला की मी तडकते. पण दादा जाणता माणूस. या कोपऱ्याला अर्धा फेरा, समोरच्या कोपऱ्याला अर्धा फेरा, असं करत त्याने मला अलगद बसवलं.

आणि मग एवढ्या जाणत्या माणसाने दोन तारा उलट्या जोडल्या!

माझं असं आहे की वीज उलटी वाहिली की माझे गालही उलटतात. गार तो गरम, गरम तो गार. मी काय करणार? सांगितलं ते काम केलं. थोड्या वेळाने वहिनी चहाचे कप घेऊन आली आणि तिने कॅमेऱ्याला हात लावला.

"अहो, हा तर भाजतोय! वन्संना तारे बघायचेत का कपडे इस्त्री करायचेत?"

दादा गोरामोरा झाला. जिन्यात उभी राहून चिमीताई हे बघत होती. कितीतरी दिवसांनी ती हसली. हसू दाबायला तिने तोंडावर पदर धरला, पण मी तिचा आवाज ऐकला.

तारा सुलट झाल्या आणि मी गार व्हायला लागले. दादाने वीज वाढवत नेली. फ्रीजवाल्याला वाटतं, जितकं गार तितकं चांगलं. मीही इरेला पेटले. दवाखाना सुटल्यापासून कोणी मला एवढं काम सांगितलं नव्हतं. पण थोड्याच वेळात कॅमेऱ्याच्या काचेवर आतून धुकं आलं आणि धुक्याचे बारीक हिमकण झाले. आतल्या हवेतला ओलावा सगळा तिथे येऊन बसला होता.

यावर उपाय वहिनीकडे निघाला. नव्या पर्सेत, बुटांच्या खोक्यात दाण्यांच्या छोट्या पुड्या येतात, पाहिल्यात का? त्या ओलावा पितात. कपड्यांच्या कपाटात ठेवायला वहिनीने त्या डबाभर साठवल्या होत्या. "फेकून दे, फेकून दे म्हणत होतात ना?" असं ऐकवत तिने डबा दादापुढे ठेवला. पुड्या तव्यावर ठेवायच्या नाहीत, नुसत्या दाण्यांना मंद शेक द्यायचा, म्हणजे आधी प्यायलेला ओलावा उडून जातो, हेही तिनेच बजावलं. दादाने ते कोरडे दाणे कॅमेऱ्याच्या पोटात ठेवले आणि रबरी कडं लावून हवा बंद केली. धुकं पुन्हा आलं नाही. वहिनीने कॅमेऱ्याला कापूस भरलेलं एक जाकीटही शिवलं, फासळ्यांपुरती जागा उघडी ठेवून. आपण गार केलेलं बाहेरच्या उन्हाळ्याने फुकट घालवू नये म्हणून.

आता दादाने तांब्यात मिरीएवढा एक मणी बसवला. तो मणी दर क्षणाला तापमान सांगायचा, आणि एक छोटी यंत्रपाटी ते ऐकून मला वीज द्यायची. ठरवलेल्या खुणेपेक्षा गरम झालं की वीज चालू. गार झालं की बंद. दादाने संगणकाच्या पडद्यावर तापमानाची रेघ दाखवली आणि छाती फुगवून म्हणाला, "बघ चिमे, काय गार पडलाय तुझा कॅमेरा!"

चिमीताई वाकून रेघ बघत राहिली. रेघ डोंगरासारखी वर जात होती, दरीसारखी खाली येत होती.

"हे असं वरखाली का होतंय?"

"म्हणजे? फ्रीज असाच चालतो. चालू, बंद, चालू, बंद. जगभरचं दूध असंच टिकतं."

"दूध टिकतं रे, तारे नाही टिकत! दादा, मला नुसतं गार नकोय. मला एकसारखं पाहिजे. आकाशाचा फोटो काढताना जेवढं गार, काळोखाचा फोटो काढतानाही नेमकं तेवढंच. नाहीतर माझी पहिली चूक आणि ही चूक, यांच्यात फरक काय?"

"एवढं केलं त्याचं काही नाही!" दादा तडकला. "मी मेलो खपून, आणि तुला रेघ वाकडी दिसते!"

"वाकडीच आहे, तर सरळ कशी म्हणू? एकदा डोळे झाकून सरळ म्हटलं, त्याचं काय झालं पाहिलंस ना?"

दोघंही फुरंगटून बसली. पंखा तेवढा फिरत होता. मी चालू होत होते, बंद होत होते, आणि मनात म्हणत होते, अरे, मला असं ढकलू नका आणि ओढू नका. मला हळूहळू जाऊ द्या.

जरा वेळाने चिमीताई उठली, दादाच्या स्टुलाशेजारी आली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"हे बघ. भिंग घासताना मी सुरुवातीला असा दाब देते. पण माप जवळ आलं की असा. अगदी जवळ आलं की असा, नुसता स्पर्श. माप गाठेपर्यंत जोर लावून एकदम हात काढला तर भिंग वाया जातं. तुझ्या यंत्रपाटीला असा हात हलका करता येईल?"

दादाने आपली बोटं हलकेच दाबून पाहिली. राग कुठल्या कुठे गेला होता.

"येईल की," तो म्हणाला. "पण कुठे किती हलका करायचा ते तू सांगायचं. तुझी बोटं, माझ्या तारा."

त्यानंतर कितीतरी दुपारी ती दोघं त्या पाटीवर डोकं घालून बसली. ती सांगायची, "अजून हलका." तो बदलायचा. खूण लांब असेल तर भरपूर वीज, जवळ आली की कमी, आणि खुणेला पोचल्यावरही थोडीशी धार चालूच, बाहेरून ऊब येते तेवढीच परत नेण्यापुरती. डोंगर बसके झाले. दऱ्या भरत आल्या. आणि एका दुपारी रेघ शांत पाण्यासारखी सपाट झाली. मला ते सुख शब्दांत सांगता येत नाही. धावणं नाही, थांबणं नाही. एका गालाला कॅमेऱ्याचा डोळा टेकलेला, दुसऱ्या गालाला वारा, आणि मधल्या रानातून ऊब एका लयीत चाललेली. मी जागी होते की झोपेत, मलाच कळत नव्हतं.

चिमीताईने कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि काळोखाचा फोटो काढला. पडद्यावर काळा चौकोन उमटला. कुठे एखादा चुकार ठिपका, बाकी गर्द, स्वच्छ काळोख. तिने तसाच दुसरा फोटो काढला आणि पहिल्यातून वजा केला. ते चुकार ठिपकेही गेले.

दादाने डोळे बारीक केले. "यात तर काहीच नाही."

"नाहीच आहे," चिमीताई म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

"काही नसताना काही न दिसणं किती मोठं असतं, ते तुला नाही कळायचं."

दुर्बिणीवरची चादर त्या दिवशी निघाली. पंख्याच्या थरथरीने फोटोतले तारे अळ्यांसारखे लांबोडे यायला लागले, तेव्हा दादाने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पंख्याखाली घातले, आणि तारे पुन्हा गोल झाले. चिमीताई रोज दिवेलागणीनंतर फोटो काढायला लागली. पण काढायची आणि स्वतःपाशी ठेवायची. बैठकीला जायचं नाव नाही. मंडळींचे प्रमुख एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा फोन आला तरी ती "कामात आहे" म्हणायची. कॅमेरा सुधारला होता, पण मनातली भीती होती तिथेच होती.

आणि मग तो ठिपका आला.

संध्याकाळ सरली होती, जेवणं व्हायची होती. वारा पडला होता आणि हवा नुसती तापून उभी होती. एका लांबच्या दीर्घिकेचा फोटो पडद्यावर आला, आणि तिच्या कडेला एक ठिपका होता. जुन्या फोटोत तो नव्हता.

चिमीताई खुर्चीत खिळल्यासारखी झाली. दादा गच्चीवरच होता. वहिनी कपडे काढायला आली होती.

"दिसतोय की काहीतरी," दादा हळूच म्हणाला.

"मागच्या वेळीही दिसला होता."

"वन्सं, मग मास्तरांना फोन लावा की!"

"आणि नसला तर? पुन्हा सगळे..." मग तिने पदर खोचला. "नाही. आधी मीच त्याला विचारते, आहेस का म्हणून."

मित्रांनो, तिने कसं विचारलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिने दुर्बीण केसभर सरकवली. ठिपका जर कॅमेऱ्याचा भास असेल, तर तो चौकटीत आहे तिथेच बसून राहील आणि तारे त्याला सोडून सरकतील. पण तो आकाशातला असेल, तर ताऱ्यांचा हात धरून तोही सरकेल. असे सावकाश फोटो काढायचे, मग झाकण लावून काळोखाचे, आणि तोवर माझं तापमान एका रेघेत राहायला हवं.

ती माझी परीक्षा होती. हवेत इतका उकाडा की फासळ्यांमधली ऊब बाहेर जाईना. पंखा जीव तोडून फिरत होता. यंत्रपाटी मला जास्त वीज देत होती आणि मी ऊब उचलत होते, उचलत होते, पण पुढे ठेवायला जागाच नव्हती. पडद्यावरची रेघ कणभर वर सरकली.

"दादा, वर चाललीय!"

दादाने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला पुठ्ठा उचलला आणि तो फासळ्यांना वारा घालायला लागला. एखाद्या तापाने फणफणलेल्या मुलाला घालतात तसा, हळूहळू, कशालाही धक्का न लावता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "चल गं बाई, चल," तो माझ्याशी बोलत होता. "एवढं निभाव." ऊब वाट शोधत बाहेर पडली. रेघ खाली आली आणि टेकली. हात भरून आला तेव्हा त्याच्याकडून वहिनीने पुठ्ठा घेतला.

शेवटचा काळोख वजा झाला. चिमीताईने फोटो एकापुढे एक लावले. तारे सरकत होते. आणि ठिपका त्यांच्याबरोबर सरकत होता.

तिने स्वतःहून फोन उचलला.

"मास्तर, मी बोलतेय. दीर्घिकेच्या कडेला नवा तारा आहे."

"ताई... पुन्हा?"

"पुन्हा. तुम्ही बघा. नसेल तर उद्या बैठकीत मी सगळ्यांसमोर उभी राहीन, हसायचं तेवढं हसा. पण मला तो दिसलाय आणि मी ते सांगणारच."

तिघंही वाट बघत बसली. वहिनीच्या मांडीवर कपडे तसेच न घड्या केलेले. फोन वाजला तेव्हा दादा ताडकन उठला.

"आहे," मास्तर म्हणाले. मग हळूच, "ताई, दूरदेशी कोणीतरी तुमच्या थोडं आधी पाहून कळवलाय. शोध त्यांच्या नावावर लागेल. मला वाईट वाटतं."

"लागू दे की!" चिमीताई हसत होती आणि डोळे पुसत होती. "तारा आहे ना?"

तो दूरच्या दीर्घिकेत फुटलेला तारा होता; फुटताना तारा एकदम लखलखतो, म्हणून तो नवा उगवल्यासारखा दिसतो. तो फुटला तेव्हा पृथ्वीवर माणूसही नव्हता. तेव्हापासून निघालेला उजेड चालत चालत त्या गच्चीवर पोचला होता. मी त्याला पाहिलं नाही. माझं तोंड कायम पाठीमागे. पण तो डोळ्यावर उतरला तेव्हा त्या डोळ्याला मी टेकून होते, एवढं मला पुरतं.

आता मी जुनी झाले. गार होऊन, गरम होऊन माझ्या काही खांबांना आतून बारीक चिरा गेल्या आहेत. पूर्वीइतकं गार मला होता येत नाही. दादा ते जाणून आहे. त्याने माझी खूण थोडी वर आणून ठेवली आहे, आणि तेवढी मी अजून एका रेघेत सांभाळते. काम संपलं की चिमीताई माझी वीज कधीच एकदम तोडत नाही. एक पायरी कमी करते, थांबते, मग दुसरी. गारठलेल्याला एकदम उबेत आणलं की तो तडकतो, हे तिला ठाऊक आहे. पंखा सगळ्यात शेवटी बंद होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी ना कोणी दिवसभर कसल्या तरी ताणात उभं राहून दमून परत येत असेल. त्याला दारातच प्रश्न विचारू नका. एक पायरी, मग थोडं थांबा, मग दुसरी. हळूहळू ऊब येऊ द्या. म्हणजे तो तडकणार नाही, आणि उद्या पुन्हा उभा राहील.